गाडीतला गॅस 'संपतो' म्हणजे जातो कुठे?



दहावीच्या विज्ञान भाग १ मधला 'उष्णता' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. अप्रकट उष्मा, दवबिंदू, आर्द्रता... व्याख्या फळ्यावर येतात, वहीत उतरतात आणि परीक्षेत जशाच्या तशा परत येतात. यंदा मात्र हा पाठ एका मुलाने मलाच नव्याने शिकायला लावला.

झालं असं. दहावीचे उन्हाळी जादा तास चालू होते. तास संपता संपता मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या गाडीच्या एसीतला गॅस सपलाय. पप्पांनी डबा मागवलाय. आज सांजच्याला घरीच भरणार हाय आमी. डबा धरायचं काम माझ्याकडं हाय!"

वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. या मुलाचे वडील भाड्याची गाडी चालवतात. साताऱ्याहून कधी पुण्याला, कधी सांगलीला. एप्रिल-मे महिन्यात एसी चालत नसेल तर गिऱ्हाईक गाडीत बसत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी एसी ही चैन नव्हे, पोटाचा प्रश्न.

मी वर्गाला एवढंच विचारलं, "गॅस संपला म्हणजे गेला कुठे?" उत्तरं पटापट आली. "जळला." "पेट्रोलसारखा वापरला गेला." "थंड हवेबरोबर बाहेर आला." चाळीस मुलांपैकी एकानेही "गळला" असं म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझंही उत्तर याहून वेगळं नव्हतं.

तासानंतर मी त्या मुलाच्या वडिलांना फोन केला. "दादा, आजच्या दिवस डबा बाजूला ठेवा. पोराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. उद्या बोलू." ते म्हणाले, "आवं सर, दर उन्हाळ्याला गॅस भरायचा म्हंजी परवडतंय व्हय? म्हणून तर डबा आणला." त्यांची अडचण खरी होती. त्यामुळे 'नका करू' एवढं सांगून भागणार नव्हतं. का नको आणि त्याऐवजी काय, हेही सांगायला हवं होतं. तोच हा पाठ. तुमच्या वर्गात आणि घरातही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

माठ, स्पिरिट आणि लग्नातला सिलिंडर

सुरुवात माठापासून करू. माठाला पाझर फुटतो, बाहेरचं पाणी वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते, आणि ती तो आजूबाजूच्या वस्तूंकडून घेतो. हाच अप्रकट उष्मा. १०० अंशाच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात, हे पाठ्यपुस्तकात आहेच.

तळहातावर स्पिरिटचे दोन थेंब टाका, क्षणात गार लागतं. आता मुलांच्या अनुभवातलं आणखी एक उदाहरण घ्या. लग्नात आचाऱ्याच्या मोठ्या शेगडीला जोडलेला सिलिंडर पाहिलाय का? जोरात आच चालू असताना सिलिंडरच्या खालच्या भागावर पाणी जमतं, कधी कधी बर्फासारखा पांढरा थरही येतो. आत द्रवरूप गॅस भराभर उकळत असतो, सिलिंडरच्या पत्र्यातून उष्णता ओढून घेत असतो आणि बाहेरच्या हवेतली वाफ त्या गार पत्र्यावर दव होऊन बसते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे पाहिलं होतं. पण त्याचा 'उष्णता' या पाठाशी काही संबंध असेल, असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

गाडीचा एसी म्हणजे हाच प्रकार, बंद नळीत बसवलेला. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे पाण्याला उकळायला चूल लागते आणि याला आपल्या खोलीची हवाच चुलीसारखी.

एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सर, याचा अप्रकट उष्मा पाण्यापेक्षा जास्त असणार." नाही. तो ग्रॅमला ५० कॅलरींच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नाही. मग पाणीच का वापरत नाहीत? हा प्रश्न मुलांना पाच मिनिटं चघळू द्या. उत्तर असं, की पाणी आपल्या नेहमीच्या दाबाला पाच अंशांवर उकळत नाही. इथे अप्रकट उष्मा किती यापेक्षा पदार्थ कुठल्या तापमानाला उकळतो याला जास्त महत्त्व आहे.

चार मुक्कामांची फेरी

फळ्यावर एक चौकोन काढा. चार कोपऱ्यांत चार नावं लिहा.

१. कॉम्प्रेसर: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इव्हॅपोरेटरकडून आलेली वायू अवस्थेतली गार वाफ दाबतो. दाबल्याने ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तसंच.

२. कंडेन्सर: गाडीच्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात असलेली जाळीदार पेटी. दाबलेला तप्त वायू इथे बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि पुन्हा द्रव होतो.

३. एक्सपान्शन व्हॉल्व्ह: अगदी बारीक तोंड. त्यातून द्रव पलीकडे गेला की दाब एकदम उतरतो आणि तो गारठतो.

४. इव्हॅपोरेटर: डॅशबोर्डमागे असतो. गॅरेजवाले याला कूलिंग कॉइल म्हणतात. इथे कमी दाबाचा द्रव उकळतो, गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो, वाफ होतो आणि परत कॉम्प्रेसरकडे निघतो.

याच कॉइलवर हवेतली वाफ दव होऊन जमते आणि नळीवाटे गाडीखाली टपकते. पाठातला दवबिंदू तो हाच. गाडीखाली पाणी दिसलं की अनेक पालक "गॅस गळतोय" म्हणून घाबरतात. ते पाणीच असतं. गॅस गळला तर तो डोळ्यांना दिसत नाही.

मुलांना आपल्या परिसरातलीच उदाहरणं द्या. तासगाव-सांगली भागात बेदाणा ज्या शीतगृहात ठेवतात, गावातल्या दूध संकलन केंद्रात संध्याकाळचं दूध ज्या टाकीत गार होतं, घरातला फ्रिज, सगळीकडे हीच चार मुक्कामांची फेरी. मोठ्या शीतगृहांत बऱ्याचदा गॅस वेगळा असतो, अमोनिया. तत्त्व तेच.

फळ्यावरचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका छोट्या गाडीत ४२० ग्रॅम गॅस आहे असं धरू. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. एसी सेकंदाला साधारण ७०० कॅलरी उष्णता बाहेर काढतो, म्हणजे ३ किलोवॅटच्या आसपास.

एक ग्रॅम गॅस उकळताना ५० कॅलरी घेतो, तर ७०० कॅलरींसाठी सेकंदाला १४ ग्रॅम गॅस उकळायला हवा. ४२० भागिले १४ म्हणजे ३० सेकंद. अर्ध्या मिनिटात सगळा गॅस उकळून झाला!

इथे थांबा आणि विचारा, "मग एकतिसाव्या सेकंदाला एसी बंद पडतो का?" मुलं गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, "न्हाई सर, तोच गॅस परत येतो."

बरोबर. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला जायला अडीच तास धरले, तर तोच गॅस अंदाजे तीनशे फेऱ्या मारतो. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो, त्यामुळे आकडा कमी-जास्त होईल. पण खर्च किती होतो? शून्य. पेट्रोल जळतं, त्याचा दुसरा पदार्थ होतो. एसीतला गॅस फक्त अवस्था बदलतो. एसटी सातारा-सांगली फेऱ्या मारते म्हणून एसटी संपत नाही, डिझेल संपतं. तसंच हे.

मग कमी का होतो?

कारण तो गळतो. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे मान्य. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर कुठेतरी नक्की भोक आहे. पुढच्या चाकाने उडवलेला खडा कंडेन्सरवर बसतो, सांध्यातली रबरी रिंग कडक होऊन चिरते, गॅस भरायच्या तोंडाची छोटी पिन नीट बसत नाही, नाहीतर ओलाव्याने कूलिंग कॉइल गंजून तिला बारीक छिद्र पडतं.

माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सांगलीला घरी निघालो होतो. कराडच्या पुढे एसीतून गरम वारा यायला लागला. हायवेवरच्या एका दुकानात थांबलो. "गॅस संपलाय, भरून देतो." वीस मिनिटांत काम झालं, मी खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा गरम वारा. पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी सांगलीतल्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी गॅसची बाटली हातातसुद्धा घेतली नाही. आधी बॅटरी घेऊन नळ्या बघत बसले. एका सांध्यावर तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटून काळी झाली होती. ते म्हणाले, "सर, हितनं जातोय. गॅसबरोबर तेल फिरतं. जिथनं गॅस जातो, तिथं तेल खूण सोडतं."

मग एक वाक्य बोलले, ते मी आता वर्गात सांगतो: "पंक्चरवाला ट्यूब आधी घमेल्यात बुडवतो, का आधी हवा भरत बसतो?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती. दोनदा भरलेला गॅस मी हवेत सोडला होता. एक रिंग बदलली, काम मिटलं.

घरी का भरू नये?

आता डब्याकडे येऊ. हा डबा बाजारात मिळतो, ऑनलाइनही येतो, आणि 'दहा मिनिटांत घरीच एसी गार' असे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यात एक नळी, एक छोटा गेज आणि एक हसतमुख माणूस असतो. व्हिडिओत जे नसतं, ते पुढे देतो.

*पहिलं कारण: गेज दाब सांगतो, वजन सांगत नाही.* पाठाच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा. अर्धा झाला म्हणून ज्योत अर्धी होते का? नाही. आत जोवर थोडाही द्रव शिल्लक आहे, तोवर दाब ठरतो तो तापमानावर. म्हणून तर सिलिंडर ऐन पाहुणे आल्यावर दगा देतो! किती गॅस उरलाय हे कळायचं तर सिलिंडर तोलावा लागतो. एसीचं तसंच. बंद गाडीत ४० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब साधारण १३० पीएसआय असतो. निम्मा गॅस असला तरी तेवढाच. एसी चालू केल्यावर दाब बदलतो खरा, पण तो ऊन, पंखा, इंजिनाचा वेग अशा दहा गोष्टींवर अवलंबून असतो. छोट्या गेजवर हिरव्या पट्ट्यात काटा आला म्हणजे गॅस बरोबर भरला, असं होत नाही. योग्य पद्धत एकच: आतला सगळा गॅस यंत्राने काढून घ्यायचा आणि स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे ग्रॅममध्ये तोलून भरायचा.

जास्त भरला तर काय बिघडतं? एसी अधिक गार होत नाही, उलट कमी गार होतो. कंडेन्सरमध्ये जागा उरत नाही, दाब चढतो. न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचला तर तो दाबला जात नाही आणि कॉम्प्रेसरच मोडतो. हजाराच्या कामाला दहा-वीस हजारांचा खड्डा पडतो तो असा.

*दुसरं कारण: आतली हवा आणि ओल.* गॅस गळून गेलाय, म्हणजे आत हवा आणि बाष्प शिरलेलं असू शकतं. बाष्प एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठतं आणि वाट अडवतं. शिवाय तेल आणि गॅसबरोबर मिळून आम्ल तयार होतं, ते आतल्या धातूला खातं. म्हणून गॅरेजमध्ये व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास किंवा जास्त वेळ आतली हवा ओढून घेतात. दाब इतका उतरतो की आतलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून निघून जातं. डब्यासोबत व्हॅक्यूम पंप येत नाही.

*तिसरं कारण: हात आणि डोळे.* उणे २६ अंशाला उकळणारा द्रव बोटांवर पडला तर कातडी गोठते, भाजल्यासारखी जखम होते. डोळ्यात उडाला तर नजरेवर बेततं. आमच्या विद्यार्थ्याला ज्या 'डबा धरायच्या' कामाचा एवढा अभिमान होता, ते काम हे होतं. आणि डबा चुकून जास्त दाबाच्या तोंडाला जोडला, तर? उन्हाळ्यात एसी चालू असताना त्या बाजूला दोनशे-अडीचशे पीएसआय दाब असतो. गाडीच्या चाकात ३२-३३ असतो, यावरून अंदाज करा. तो दाब उलटा डब्यात शिरला तर पातळ पत्र्याचा डबा हातात फुटू शकतो. काही जण गॅस लवकर उतरावा म्हणून डबा गरम पाण्यात धरतात, काही जण उरलेला डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवतात. दोन्ही सारखंच धोक्याचं.

आणि हो, हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. बंद शेडमध्ये गळला तर श्वासाला हवा कमी पडते. ज्योतीत सापडला तर त्यातून विषारी वायू तयार होतो. त्यामुळे त्याच्या आसपास बिडी-सिगारेट नको आणि देवघरातला दिवाही नको.

*चौथं कारण: डब्यात नेमकं आहे काय?* स्वस्त डब्यावर एक नाव आणि आत दुसराच माल, असं जगभर घडलं आहे. २०११ मध्ये बनावट आर-१३४ए भरलेल्या जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट झाले, कामगार दगावले. त्या मालात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं आणि ते ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करतं. कुठे कुठे स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही वायूही भरला जातो. गाडीतल्या माणसांच्या पुढ्यात, डॅशबोर्डमागे तो फिरत राहतो. हे चालवून घेण्यासारखं नाही.

मग घरी करायचं काय?

पुष्कळ आहे. थंडावा कमी झाला म्हणजे दरवेळी गॅसच कमी झाला असं नसतं. मुलांना बरोबर घेऊन, इंजिन बंद आणि थंड असताना, हे तपासा:

• केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. आपल्याकडची धूळ आणि उसाच्या वाहतुकीच्या दिवसांतला पाचोळा यांनी तो गच्च भरतो. वारा कमी येतो, पण जो येतो तो गारच असतो. अशा वेळी दोष गॅसचा नसतो.

• कंडेन्सरची जाळी. चिखल, किडे, पानं बसली की उष्णता बाहेर पडत नाही. हलक्या धारेने पाणी मारा. जोराच्या धारेने पत्र्याच्या बारीक पट्ट्या मुडपतात.

• तेलकट डाग. बॅटरी घेऊन नळ्यांचे सांधे आणि कंडेन्सर बघा. कुठे काळपट, ओशट डाग दिसला तर मोबाइलवर फोटो काढा. कशालाही हात न लावता.

• एसी लावल्यावर येणारा 'टक्' आवाज. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच लागताना तो येतो. मोठ्या माणसाने गाडीत बसूनच ऐकायचा, मुलांना बॉनेटजवळ उभं करायचं नाही. आवाज येत नसेल तर गॅस कमी असू शकतो किंवा विजेचा दोष असू शकतो. गॅस फारच कमी झाला की कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी गाडी तो आपोआप बंद ठेवते.

नंतर गॅरेजला जा आणि चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे, ती मला दाखवाल का? (साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब किंवा रंग घालून ती शोधता येते.) जुना गॅस हवेत सोडणार की यंत्रात काढून घेणार? व्हॅक्यूम किती वेळ लावणार? आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहाल का? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो खुलून सांगतो.

गळलेला गॅस जातो कुठे?

मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'भोकातून' असं आहे. उरलेलं अर्धं आकाशात आहे.

जुन्या गाड्यांत आणि फ्रिजमध्ये आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन असायचा. तो जळत नाही, विषारी नाही, म्हणून सगळ्यांना आवडला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं, की हेच वायू वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राचा शोध प्रसिद्ध झाला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. शाळेत आपण ओझोन दिन साजरा करतो, तो याच तारखेला. भारत १९९२ मध्ये या करारात आला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुत्झन यांच्यासह १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोन सुरक्षित. पण तो उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो आर-१३४ए म्हणजे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. पुन्हा फळ्यावर गणित करू. आपल्या छोट्या गाडीतला ४२० ग्रॅम गॅस हवेत गेला तर तो साधारण ६०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे २६० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर आणि सातारा-सांगली १२० किलोमीटर धरलं, तर सोळा वेळा जाऊन येण्याएवढा धूर. मी दोनदा भरून घेतलेल्या गॅसचा हिशोब वर्गासमोर मांडला तेव्हा मीच ओशाळलो.

म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने हे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०४७ पर्यंत त्यांचा वापर ८५ टक्क्यांनी घटवायचं मान्य केलं. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींमध्ये आर-१३४ए बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१२३४वायएफ हवामानाला फारसा जड नाही, पण थोडा ज्वालाग्राही आहे. म्हणजे पुढच्या काळात घरगुती प्रयोगांना जागा आणखी कमी.

वर्गात घ्यायच्या तीन कृती

१. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये थोडं ६०-७० अंशाचं गरम पाणी घ्या (हे शिक्षकांनीच करावं). तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी उकळायला लागतं. दाब उतरला की उत्कलनांक उतरतो. व्हॅक्यूम पंपाचं आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हचं तत्त्व एका मिनिटात कळतं.

२. सायकलची पंक्चर ट्यूब, घमेलं आणि साबणाचं पाणी. गळती आधी शोधा, मग हवा भरा. मुलांना फक्त निरीक्षण लिहायला सांगा, निष्कर्ष ती स्वतःच काढतील.

३. घरच्या सिलिंडरवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. सिलिंडर घरी येतो त्या दिवशी डिलिव्हरीवाल्याच्या काट्यावर पालकांसमोर वजन बघून गॅस किती आहे ते काढायला सांगा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असायला हवा.

आणि त्या डब्याचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी त्या पप्पांनी गाडी गॅरेजला नेली आणि माझ्या सांगण्यावरून आधी गळती शोधायला लावली. कंडेन्सरच्या सांध्यावर फेस फुगला. रिंग बदलली, व्हॅक्यूम केलं, गॅस तोलून भरला. डबा न फोडता दुकानात परत गेला. मुलगा मात्र जरा खट्टू झाला होता, त्याचं काम गेलं होतं. मग त्याला मी वर्गातली पंक्चरची कृती करून दाखवायला लावली. घमेलं घरून आणलं, बाह्या वर करून ट्यूब बुडवली आणि बुडबुडे दिसल्यावर असा काही ओरडला, की शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले.

घटक चाचणीत मी एक प्रश्न टाकला होता: 'एसीचा गॅस संपला, हे विधान चूक की बरोबर? कारण लिहा.' त्याने लिहिलं, "चूक. गॅस सपत न्हाई, गळतो. आधी भोक हुडकायचं, मग भरायचा." शुद्धलेखनाकडे काणाडोळा करून मी पूर्ण गुण दिले.

तुमच्या वर्गात हा पाठ घ्याल तेव्हा सुरुवात व्याख्येने करू नका. "गॅस गेला कुठे?" एवढंच विचारा आणि थोडं थांबा. मुलांनी काय उत्तरं दिली, ती मला जरूर कळवा.